जमादाराचा हात

मी त्या माणसाला तीस वर्षं शिव्या घातल्या. त्यातली एकही परत घेणार नाही, हे आधी सांगून ठेवतो. मेला की माणूस गोड होतो म्हणतात. हा झाला नाही. शेवटी बघायला गेलतो तेव्हाही त्याचं तोंड कुलूप घातल्यासारखंच होतं.

निपाणीत आमची तंबाखूची वखार होती. आमची म्हणजे मालकाची. आम्ही तिथं फक्त खोकायचो. मी पोती उचलायचो, माझी बायको चाळणीवर बसायची. दीडशे-दोनशे बायका एका ओळीत बसून तंबाखू चाळायच्या आणि त्याचा खकाणा, ती तिखट धूळ, सगळ्यांच्या नाकातोंडात जायचा. नव्या पोरी पहिले आठ दिवस ओकायच्या, मग त्यांना भूक लागायला लागायची. मग मुकादम म्हणायचा, आता ही टिकली.

आणि गेटावर हा. आम्ही त्याला जमादार म्हणायचो. मालकानं त्याला कधी वर्दी दिली नव्हती. ह्यानं आपली आपणच खाकी शिवून घेतली होती, आणि तांब्यात निखारे घालून रोज तिला इस्त्री करायचा. पगार आमच्यापेक्षा जास्त होता म्हणाल तर तसंही नाही. ऐट मात्र कलेक्टरची.

संध्याकाळी भोंगा झाला की गेटाच्या आत तो एक पांढरा पंचा अंथरायचा. एकेक बाई त्या पंच्यावर उभी राहायची. पदर झटकायचा, अंबाडा सोडायचा, पाय आपटायचे. अंगावरनं जे काय पडेल ते तो पंच्याची चारी टोकं धरून परत पोत्यात ओतायचा. चिमूटभर असलं तरी ओतायचा. बाईच्या अंगाला त्यानं कधी बोट लावलं नाही, हे खरं आहे, आणि खरं ते मी सांगणार. मोजायचा कानडीत, ओंदु, एरडु, मूरु. दटावायचा मराठीत.

"तंबाखूला पाय न्हाईत," म्हणायचा. "माणसांस्नी हायत."

बायका काय कमी होत्या? एकदा एकीनं पदर झटकता झटकता विचारलं, "जमादार, घरात बायकोलाबी पंच्यावर हुबं करता काय हो?"

ह्यानं वर न बघता सांगितलं, "तिला कुठं भाईर जायचं असतंय? व्हा म्होरं. हन्नोंदु."

सगळी रांग हसली. हा हसला नाही. ह्याला हसताना बघितलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

कुणाच्या लग्नाला यायचा तो मांडवाच्या बाहेर उभा राहायचा. अक्षता टाकायचा आणि निघायचा. जेवणाचा आग्रह केला तर म्हणायचा, "तुमच्यात जेवलो तर उद्या गेटावर हात जड होतोय माझा." वखारीत चहा यायचा, तो त्यानं कधी घेतला नाही. एकदा मालकाच्या जावयालासुद्धा त्यानं पंच्यावर उभं केलं. परीटघडीची पँट घातलेला जावई, आणि हा म्हणतो, पाय आपटा. जावयानं आपटले. कोपऱ्यात उभे राहून आम्ही गडीमाणसं पोटभर हसलो. मालकही वरवर हसला. पण त्या साली सगळ्यांचा पगार वाढला, ह्याचा तेवढा नाही.

आता माझ्या बायकोचं सांगतो.

माझ्या आईला मिश्रीची सवय. तव्यावर तंबाखू जाळायची, बोटानं दाताला लावायची आणि सकाळभर ओट्यावर थुंकत बसायची. दुकानातली तंबाखू तिला चालायची नाही. वखारीतलीच पाहिजे. रोज सुनेला टोचायची, "एवढ्या ढिगात बसतीस आणि सासूला चिमूटभर आणवंना तुला?" मी ऐकायचो. आणि एक दिवस मीच बायकोला म्हणालो, "आण की गं एकदाची. हिचं तोंड तरी बंद हुईल."

तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून आणली. पंच्यावर उभी राहिली, पदर झटकला. गाठ जड होती, पदर सरळ खाली आला. जमादार म्हणाला, "सोड."

तिनं गाठ सोडली.

शिक्षा ठरलेली होती. चोरी ओंजळीत धरून गेटाशेजारी उभं राहायचं, सगळी वखार रिकामी होईपर्यंत. आणि आठ दिवस कामावर यायचं नाही. दीडशे बायका तिच्यासमोरनं गेल्या. मग आम्ही गडीमाणसं गेलो. मी त्या रांगेत होतो. तिच्यापासून दोन हातांवरनं गेलो. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पायाकडं बघितलं. कुणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून मी पुढं घरला आलो.

ती अंधार पडल्यावर आली. तोंड धुतलं, भाकरी थापायला बसली. आईनं विचारलं, "आणलीस?" मी त्या रात्री आईवर ओरडलो, शेजाऱ्यांवर ओरडलो, आणि सगळ्यांत जास्त शिव्या जमादाराला घातल्या. त्याच्या तोंडावर नाही. घरात बसून. तेव्हापासून रोज जेवताना त्याला एक शिवी देऊन मी पहिला घास घ्यायचो. बायको म्हणायची, "जाऊ द्या. त्यांनी त्यांचं काम केलं." तर मी तिलाही बोलायचो.

पुढं वखार बंद पडली. मालकाची पोरं बंगळुराकडं गेली. गेटाला कुलूप आलं आणि कुलपावर जमादार राहिला. आत एक पान तंबाखू नाही, आणि हा इस्त्रीची खाकी घालून रिकामी वखार राखतोय. मी त्या रस्त्यानं जाताना मुद्दाम थुंकायचो.

आणि मग ती पिक्चरवाली माणसं आली.

तुरुंगाचा पिक्चर होता. मारामारीचा. हिरोला खोट्या खुनात आत टाकलंय, आत टोळीवाले त्याच्या जिवावर उठलेत, आणि शेवटी तो भिंत फोडून बाहेर पडतो, असलं काहीतरी. कानडीत आणि हिंदीत दोन्हीकडं निघणार होता. त्यांना उंच भिंतीची, लोखंडी गेटाची जागा पाहिजे होती. आमची वखार बघून ते खूश झाले. म्हणाले, काही बदलायला नको, हा तर तुरुंगच आहे. आमची उमर गेली तिथं, आणि आम्हाला हे कुणीतरी बाहेरनं येऊन सांगायला लागलं.

गावातली साठेक माणसं कैदी म्हणून घेतली. मलाही घेतलं. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे दिले, टोपी दिली आणि कोपऱ्यात बसून खोकायला सांगितलं. मी खोकलो. तर म्हणाले, अजून जोरात, खरं वाटत नाही. घरात माझी बायको तेव्हा रात्रंदिवस खोकत होती, तीन उशा लावून बसून झोपत होती. मी उठून त्या सांगणाऱ्याच्या कानाखाली वाजवणार होतो. पण बसलो आणि खोकलो.

पण देवानं एक गंमत केली. भिंत फोडायच्या सीनसाठी त्यांनी भिंती पाडून मागचं दालन उघडलं तर फटीफटीत साठलेला खकाणा उडाला. सगळा पिक्चर शिंकायला लागला. हिरो दरवाजाएवढा गडी, एका ठोशात आठ माणसं पाडणारा, तो डोळे पुसत बसला. जेलरच्या खोट्या मिशा शिंकेसरशी उडून गेल्या. व्हिलन तसा गरीब माणूस होता, दुपारी दहीभात खायचा आणि लेकीला फोन करायचा. तो धमकी द्यायला तोंड उघडायचा आणि शिंकायचा. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना तोंडाला बांधायला मास्क आले आणि एक डॉक्टर आला. तीन दिवसांत! आमच्या बायकांनी तिथं तीस-तीस वर्षं काढली. पदराशिवाय दुसरं काय होतं त्यांच्या तोंडाला? तो डॉक्टर बघून माझं डोकं जे फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही.

जमादाराला त्यांनी तुरुंगाच्या गेटावरचा शिपाई केला. खाकी त्याचीच. त्यानं पंचा काढला, अंथरला आणि आम्हा साठ कैद्यांची झडती घेतली. डायरेक्टर म्हणाला, असा माणूस शोधून मिळणार नाही. पण ह्याला कॅमेरा चालू कधी आणि बंद कधी, ह्याच्याशी देणंघेणं नव्हतं. हा दिवसभर झडती घ्यायचा. कैद्यांचे गुटखे काढले, मोबाईल काढले. चौथ्या दिवशी मारामारीसाठी आणलेली खोटी पिस्तुलं अडवून धरली. चिठ्ठी दाखवा म्हणाला. दोन तास सगळं काम बंद. शेवटी हिरो स्वतः आला, पंच्यावर उभा राहिला आणि हात वर केले. जमादारानं त्याचीही झडती घेतली, खिशातनं कंगवा काढला, बघितला, परत दिला आणि मान हलवली. कॅमेरा चालूच होता.

"होगु," म्हणाला. जा.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

पाचव्या दिवशी लोचा झाला. त्यांच्यात टिळकवाडीची एक बाई होती, आम्हा लोकांना मराठीतनं समजावून सांगायला ठेवलेली. ती जमादाराला म्हणाली, "आजोबा, आता एक माणूस भाकरीच्या गठुळ्यात पिस्तूल लपवून आणणार. तुम्ही गठुळं बघायचं, तो तुमच्या हातात नोट ठेवणार, तुम्ही ती खिशात घालायची आणि मान हलवून त्याला सोडायचं. एवढंच."

"न्हाय जमायचं."

"अहो, सोपं आहे."

"सोपं हाय म्हनूनच न्हाय जमायचं."

"आजोबा, हे खोटं आहे. नाटक आहे. नोटसुद्धा खोटी आहे."

"तोंड माझं हाय न्हवं? खाकी माझी हाय न्हवं? गेट ह्येच हाय न्हवं?" जमादार म्हणाला. "मग खोटं काय ऱ्हायलं, बाई?"

डायरेक्टर आला. हिरो आला. जास्त देतो म्हणाले. ह्यानं हात मागं बांधले आणि उभा राहिला. तासाभरानं ते म्हणाले, राहू दे, तो सीन काढून टाकू. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "बघ तुझा जमादार, खोटी नोटबी घेईना. गाढव हाय." ती उशीला टेकून बसली होती. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

पिक्चर निपाणीत लागला तेव्हा वखारीतल्या जेवढ्या बायका जित्या होत्या तेवढ्या आल्या. आपली वखार पडद्यावर बघायची म्हणून. डॉक्टर नको म्हणत असताना माझी बायको आली. जमादार पुढच्या रांगेत होता. कंपनीनं दिलेला पास परत करून स्वतःचं तिकीट काढून आला होता.

पडद्यावर गेट आलं, बायकांनी शिट्ट्या मारल्या. हो, म्हाताऱ्यांनी! जमादार आला तशा टाळ्या पडल्या. पंचा अंथरला. एक माणूस भाकरीचं गठुळं घेऊन पुढं आला. जमादारानं गठुळ्याकडं बघितलं. मग नुसता एक खाकी बाहीचा हात दिसला, तळवा उघडा. त्यावर नोट पडली. बोटं मिटली. मग परत जमादाराचं तोंड, आणि मान हलली. होगु.

तो सीन त्यांनी काढला नव्हता. हात दुसऱ्या कुणाचा तरी घातला होता, आणि मान हिरोला सोडताना हलवलेली होती, तीच तिथं जोडली होती.

त्या पिस्तुलानं हिरोचा दोस्त मरतो. म्हणजे सगळ्या पिक्चरचं पाप जमादाराच्या डोक्यावर. सगळं थेटर ओरडायला लागलं. "आरं लाचखाऊ!" "धरा त्याला!" आणि आमच्या बायका, त्याच्या पंच्यावर जन्म काढलेल्या, त्या सगळ्यांत पुढं. एक ओरडली, "आमाला चिमूटभर न्हेऊ दिलं न्हाईस, आनि आता घे, खा!" दुसरी म्हणाली, "आमाला काय म्हाईत, तवाबी खात असंल!"

आणि खरं सांगतो. मीही तेच म्हणत होतो मनात. हा खात असेल तर? हा खात असेल तर माझी बायको कशासाठी उभी राहिली त्या गेटाजवळ? इतकी वर्षं मी त्याला शिव्या दिल्या, पण ह्यानं सगळ्यांना एकाच मापानं मोजलं, एवढं एक त्यात होतं. त्यावरच तर आम्ही नवराबायको ते गिळून बसलो होतो. तेवढंही गेलं असतं तर उरलं काय?

जमादार जाग्यावर उभा राहिला होता. उजवा हात वर धरून पडद्याच्या उजेडात नुसता दाखवत होता. मागचे लोक "बस की रं, दिसंना झालंय" म्हणून ओरडत होते.

आणि माझ्या शेजारी माझी बायको उठली. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"गप बसा!" म्हणाली. तिला एवढा आवाज आहे हे मला लग्नानंतर चाळीस वर्षांनी कळलं. "त्यो हात ह्यांचा न्हवं! मला म्हाईत हाय. मी दिलंतं ह्यांस्नी. मला धरलं त्या दिवशी. तुम्ही समद्या गेल्यावर पायातली चांदीची जोडवी काढून ह्यांच्या हातावर ठेवलीती. घ्या आनि सोडा म्हटलं, आठ दिस काम बुडवू नका. न्हाय घेतली. माझ्या पायापाशी ठेवली परत. ह्या हातानं घेतलं असतं तर माझं घेतलं असतं!"

तिला खोकला आला. पुढचं बोलता आलं नाही. पिक्चर चालूच होता, हिरो कुणाला तरी भिंतीवर आपटत होता. पण आमच्या आजूबाजूच्या चार-पाच रांगा गप झाल्या. ती "खात असंल" म्हणणारी बाई पदर तोंडावर घेऊन बसली.

मी बायकोला धरून बाहेर आणलं. पायरीवर बसवलं. राग माझ्या डोक्यात गेला होता. जोडवी! सवाष्णीनं पायातली जोडवी काढली, दुसऱ्या पुरुषाच्या हातावर ठेवली, आणि मला घरात पत्ता नाही. आणि सांगितलं कुठं, तर भर थेटरात. ओरडायला मी तोंड उघडलं आणि मागनं जमादार आला.

मला वाटलं, आता पाया पडेल तिच्या. आता तरी म्हणेल, त्या दिवशी सोडायला पाहिजे होतं तुला.

तो तिच्यावरच तडकला.

"कशाला सांगितलंस?" म्हणाला. "इतकी वर्सं त्ये मी गेटाभाईर जाऊ दिलं न्हवतं. माझ्या बायकोला ठावं न्हाय. आनि तू असं चव्हाट्यावर वतलंस?"

"तुमचं नाव जाईत हुतं," ती म्हणाली.

"माझं जाईना का! मला मूल न्हाय, बाळ न्हाय. तुला न्हवरा हाय, ल्येकी हायत."

"आनि मला तवाच सोडलं असतं तर?"

"कसं सोडीन? घेतलीती न्हवं तू?"

माझी बायको हसायला लागली. खोकत, छाती धरून हसायला लागली. "बघा," मला म्हणाली, "अजूनबी न्हाय सोडत." मला हसू आलं नाही. मी त्या दोघांच्या मध्ये उभा होतो आणि दोघांपैकी कुणावर ओरडायचं ते मला कळेना. खरं म्हणजे कळत होतं. त्या रांगेतनं खाली मान घालून जो पुढं घरला गेला, त्याच्यावर.

टिळकवाडीच्या त्या बाईला मी फोन लावला, चारदा. उचलला नाही. पाचव्यांदा उचलला तर म्हणाली, काका, तो पिक्चर आहे, एवढं मनाला लावून घेऊ नका. तो पिक्चर आता फोनवर दिसतो. कुणीही, कुठंही बसून बघतो. थेटरात माझी बायको बोलली ते चार-पाच रांगांनी ऐकलं. बाकी सगळ्या मुलखासाठी जमादार लाचखाऊच राहिला. भाजी आणायला गेला तरी माणसं हात पुढं करून दाखवायची त्याला.

माझी बायको दिवाळीनंतर गेली. खकाण्यानं गेली, असं कागदावर कुणी लिहिलं नाही. दम्यानं गेली म्हणून लिहिलं.

सवाष्ण गेली म्हणून लेकींनी तिला हिरवं नेसवलं, कुंकू लावलं, पायातली जोडवी तशीच ठेवली. दारात माणसं जमली होती. जमादार आला, इस्त्रीची खाकी घालून, आणि गटारीपलीकडं उभा राहिला. मांडवाच्या बाहेर उभा राहायचा तसाच. तिचा मावसभाऊ कंग्राळीहून आला होता. तो शेजारच्याला म्हणाला, "ह्यो पिक्चरमधला जमादार न्हवं? खिसं सांभाळा रं." दोघंतिघं तोंडातल्या तोंडात हसले.

मी उठलो, त्या मेव्हण्याची मानगूट धरली आणि तिच्या पायापाशी आणून वाकवली.

"जोडवी दिसत्यात?"

"दाजी, सोडा की, आसं काय करताय..."

"दिसत्यात काय सांग."

"दिसत्यात."

"ती आज तिच्या पायात का हायत, म्हाईत हाय तुला?"

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, पहिल्यापासून. आईची मिश्री सांगितली. मीच आण म्हणालो होतो, ते सांगितलं. ती ओंजळ धरून उभी होती आणि मी खाली बघून तिच्या पुढ्यातनं घरी गेलो, तेही सांगितलं. लेकी ऐकत होत्या. थोरली रडायची थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली.

सांगून झालं तसं मेव्हण्याला सोडलं. मी गटारीपलीकडं हाक मारली, "जमादार, या. खांदा द्यायला या."

तो आला. पुढच्या बाजूला डावीकडं मी होतो आणि उजवीकडं तो. मसणवटीपर्यंत दोघांनीही खांदा बदलला नाही.